जीवकाच्या हाती सुई कोणी दिली? : चिनी वाहिनी-सिद्धांताचा एक चिकित्सक परामर्श

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्थानकाजवळच्या डोंगररांगेत कचारगडची गुंफा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा या राज्यांतूनही लोक पायी डोंगर चढून येतात आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांच्या स्मृतीला वंदन करतात. कली कंकालीची ३३ मुले या गुंफेत कोंडली गेली होती, ती मुक्त झाली आणि त्यांच्यापासून कोया पुनेमाचा विस्तार झाला, अशी तेथील श्रद्धा आहे. माघ पौर्णिमा बौद्धांनाही परकी नाही. १२५० अर्हंतांचा मेळावा याच दिवशी भरल्याचे परंपरा सांगते. म्हणून गेल्या माघ पौर्णिमेला एका तरुण उपासकासह मी कचारगडला गेलो होतो.

पायथ्याशी दुकानांची रांग होती. एका दुकानात लाकडी रोलर, टोकदार गुठळ्यांच्या पादुका आणि मानवी देहाचा एक मोठा तक्ता मांडलेला होता. तक्त्यावर डोक्यापासून पायांपर्यंत रंगीत रेषा आणि त्यांवर शेकडो ठिपके होते. विक्रेता सांगत होता की, या रेषांतून शरीरातील शक्ती वाहते, ती जेथे अडते तेथे रोग होतो, आणि हे शास्त्र मूळचे भगवान बुद्धाचे असून त्यांचा वैद्य जीवक याच्याकडून ते चीनला गेले. माझ्या सोबतच्या उपासकाचा चेहरा उजळला. "सर, हे तर आपलंच शास्त्र निघालं. यावर तुम्ही लिहिलंच पाहिजे," तो म्हणाला.

त्याच्या आनंदामागे एक घरगुती कारणही होते. त्याच्या आईची कंबरदुखी सुयांच्या उपचाराने बरीच कमी झाली होती. त्यामुळे तक्त्यावरील रेषा खऱ्याच असल्या पाहिजेत, असा त्याने निष्कर्ष काढला होता. आता विक्रेत्याने रक्तदाबाचाही बिंदू दाखविला, तेव्हा आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद करता येतील काय, असा विचार त्याच्या मनात सुरू झाला. त्याच्या सांगण्यावरूनच हा लेख लिहीत आहे. तो त्याला हवा तसा उतरलेला नाही, एवढे आरंभीच सांगतो.

प्रश्न तीन आहेत. वाहिनी-सिद्धांत नेमका काय आहे? तो बुद्धाचा किंवा जीवकाचा आहे काय? आणि तो खरा आहे काय? या तीन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळेच सारा घोटाळा होतो. म्हणून त्यांचा स्वतंत्रपणे विचार करू.

सिद्धांताचे स्वरूप

चिनी वैद्यकानुसार शरीरात 'छी' नावाचे एक चैतन्यतत्त्व संचार करते. त्याच्या मार्गांना 'चिंग-लुओ' म्हणतात. मुख्य वाहिन्या १२ असून त्यांपैकी प्रत्येक एका आंतरिक अवयवाशी जोडलेली मानली जाते. त्यांशिवाय आठ विशेष वाहिन्या आहेत. उदाहरणार्थ, जठराची वाहिनी डोळ्याच्या खालून निघते, छाती व पोटावरून उतरते आणि पायाच्या दुसऱ्या बोटाशी संपते. तिच्यावर ४५ बिंदू सांगितले आहेत. १२ मुख्य वाहिन्या आणि शरीराच्या मध्यरेषेवरील दोन विशेष वाहिन्या मिळून ३६१ बिंदूंची प्रमाणभूत यादी आज सर्वत्र मान्य आहे. 'छी'चा प्रवाह खंडित, अवरुद्ध किंवा असंतुलित झाला की व्याधी होते. योग्य बिंदूवर सुई टोचून किंवा औषधी पानांची वात जाळून शेक देऊन तो प्रवाह पूर्ववत करता येतो, असे या शास्त्राचे म्हणणे आहे.

येथे शब्दांविषयी सावध राहिले पाहिजे. मराठी पुस्तिकांत 'चिंग'साठी सर्रास 'नाडी' हा शब्द वापरला जातो. त्याबरोबर योगशास्त्रातील इडा-पिंगला नकळत चिनी देहात शिरतात. युरोपात विसाव्या शतकात सुलिए द मोराँ या फ्रेंच लेखकाने 'मेरिडियन', म्हणजे भूगोलातील रेखावृत्त, हा शब्द रूढ केला आणि 'छी'ला 'ऊर्जा' बनविले. मूळ चिनी 'चिंग' या चिन्हाचा अर्थ मागावरील उभा धागा असा आहे. आमच्या दृष्टीने याहून लक्षणीय गोष्ट अशी की, बौद्ध 'सुत्त' किंवा 'सूत्र' या शब्दाच्या भाषांतरासाठी चिनी भिक्षूंनी हेच चिन्ह वापरले. सूत्र म्हणजे धागा आणि चिंग म्हणजेही धागा. परंतु म्हणून वाहिनी-सिद्धांत हा सुत्तपिटकाचा भाग ठरत नाही. एकाच शब्दाच्या दोन उपयोगांवरून दोन विचारांचे नाते सिद्ध करणे म्हणजे नावसाधर्म्यावरून वंशावळ लिहिणे होय.

सिद्धांताचा इतिहास

वाहिन्यांचा आराखडा एखाद्या ऋषीला एकाच वेळी दिसला नाही. तो घडत गेला, आणि घडताना बदलतही गेला. १९७३ साली चीनच्या हूनान प्रांतातील मावांगत्वेई येथे एक कबर उकलली गेली. ती इ. स. पू. १६८ मध्ये बंद झाली होती. तिच्यात रेशमी वस्त्रावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ मिळाले. त्यांत वाहिन्यांचे वर्णन आहे, परंतु वाहिन्या १२ नसून ११ आहेत. त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत, बिंदूंचे शास्त्र दिसत नाही, आणि उपचार सुईचा नसून जाळून शेकण्याचा आहे. पुढे 'ह्वांगती नेईचिंग' या संहितेत १२ वाहिन्यांचे पूर्ण चक्र तयार झाले.

११ च्या १२ का झाल्या? कोणी शरीर उघडून बारावी वाहिनी शोधली म्हणून नव्हे. त्याच संहितेच्या 'लिंगशू' या भागात १२ वाहिन्यांची सांगड चीनमधील १२ नद्यांशी घातली आहे. बिंदूंची आदर्श संख्या ३६५, म्हणजे वर्षाच्या दिवसांइतकी मानली गेली. एकछत्री साम्राज्य, त्यातील नद्या, कालवे, धान्याची कोठारे, अधिकारी आणि वर्षाचे कालचक्र यांची प्रतिमा देहावर उमटविली गेली. नदी अडली की पूर किंवा दुष्काळ येतो, त्याचप्रमाणे 'छी' अडली की रोग येतो. ही कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ती निरीक्षणातून जेवढी आली, त्याहून अधिक उपमेतून आली.

चीनमध्येही या शास्त्राची प्रतिष्ठा कायम राहिली नाही. १८२२ साली छिंग दरबाराच्या राजवैद्यकीय संस्थेतून सुईचा विभाग बंद करण्यात आला. १९२९ मध्ये तर चिनी वैद्यकावरच बंदी घालण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. १९५० नंतर माओच्या राजवटीने त्याचे पुनरुज्जीवन केले. १९७२ मधील अमेरिकन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीच्या आगेमागे ते पश्चिमेत लोकप्रिय झाले. ज्याला आज 'पाच हजार वर्षांचे अखंड शास्त्र' म्हटले जाते, त्याचा इतिहास असा खंडित आहे.

पालि साहित्याची साक्ष

आता दुसरा प्रश्न. हे शास्त्र जीवकाचे आहे काय? विनयपिटकाच्या महावग्गात चीवरक्खंधकामध्ये जीवकाचे विस्तृत चरित्र आहे. राजगृहातील सालवती गणिकेचा हा मुलगा उकिरड्यावर टाकला गेला, अभय राजकुमाराने त्याला वाढविले आणि तक्षशिलेला तो सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूने त्याला योजनभर परिसरातून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले; अशी एकही वनस्पती आढळली नाही, असे सांगत तो परतला. साकेतच्या श्रेष्ठिपत्नीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने नाकात औषधी तूप घालून बरी केली. बिंबिसाराचा भगंदर त्याने लेपाने बरा केला. राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडून दोन कृमी काढले. वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट उघडून आतड्याचा पीळ सोडविला. खुद्द बुद्धाला त्याने औषध घातलेली कमळे हुंगवून विरेचन दिले. या साऱ्या कथनात औषध आहे, तूप आहे, शस्त्र आहे, टाके आहेत. रोगनिवारणासाठी बिंदूंवर टोचलेली सुई कोठेही नाही आणि वाहिन्यांचा आराखडाही नाही.

त्याच महावग्गातील भेसज्जक्खंधक पाहा. पिलिंदवच्छ थेरांना वातविकार झाला तेव्हा औषधी तेल, घाम काढण्याचे विविध प्रकार, औषधी पाण्याचा शेक, आणि सांधे धरले तेव्हा रक्तमोक्षण व शिंग लावून रक्त ओढणे, अशा उपचारांना बुद्धाने अनुमती दिली आहे. इतक्या बारीक तपशिलाच्या यादीत सुयांचा उपचार प्रचलित असता, तर तो येणे अत्यंत स्वाभाविक होते. तो आलेला नाही.

मग जीवकाच्या हाती सुई आली कोठून? तिचे मूळ चिनी त्रिपिटकात आहे. आम्रपाली व जीवक यांच्या कथेचे एक सूत्र तेथे मिळते. परंपरा त्याचे भाषांतर दुसऱ्या शतकातील आन शिगाओ याच्या नावावर सांगते. आधुनिक अभ्यासक मात्र ते रूप पुढच्या काळातले मानतात. या सूत्रात जीवक हा आम्रपालीचा पुत्र आहे आणि जन्मतःच त्याच्या हातात सुया व औषधांची पिशवी आहे. पालि कथेतील उकिरड्यावरच्या मुलाऐवजी येथे राजवंशीय, जन्मसिद्ध वैद्य उभा राहतो. परक्या देशातून आलेल्या वैद्याला चिनी वाचकाने आपला वैद्य म्हणून ओळखावे यासाठी त्याच्या हाती चिनी वैद्याची खूण देण्यात आली, असा याचा सरळ अर्थ आहे. चीनने जीवकाला सुई दिली. जीवकाने चीनला नव्हे.

कालक्रमही हेच सांगतो. मावांगत्वेईचे ग्रंथ इ. स. पू. १६८ पूर्वीचे आहेत. बौद्ध धम्म चीनमध्ये पोहोचल्याचे पुरावे इसवी सनाच्या पहिल्या शतकापासूनचे आहेत. ज्या वाहिन्या धम्माच्या आगमनापूर्वी दोन शतके चीनमध्ये लिहिल्या गेल्या होत्या, त्या धम्माबरोबर भारतातून कशा जातील?

याहून निर्णायक साक्ष इत्सिंगची आहे. हा चिनी भिक्षू इ. स. ६७३ मध्ये भारतात पोहोचला आणि सुमारे दहा वर्षे नालंदेत राहिला. त्याने स्वतः पूर्वी वैद्यकाचा अभ्यास केला होता. त्याने आपल्या प्रवासग्रंथात भारतीय वैद्यकाच्या आठ अंगांची आदराने माहिती दिली आहे. तरीही सुई, शेक आणि नाडीपरीक्षा या बाबतींत जंबुद्वीपातील कोणताही प्रदेश चीनच्या पुढे नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. ही विद्या नालंदेची असती, तर नालंदेत दहा वर्षे राहिलेल्या भिक्षूने तिचे श्रेय नालंदेला दिले नसते काय?

भारतातून एक सुई चीनला खरोखर गेली. ती मोतीबिंदू बाजूला सारण्याची सुई होती. चिनी वैद्यकात तिला 'सुवर्णसुई' म्हणतात आणि नेत्ररोगावरील काही चिनी ग्रंथ नागार्जुनाच्या नावावर सांगितले जातात. तिचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु ती डोळ्याच्या शस्त्रक्रियेची सुई आहे. वाहिन्यांशी तिचा काही संबंध नाही.

एक सूक्ष्म साम्य

प्रामाणिकपणासाठी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. मज्झिमनिकायात वायुधातूचे विवेचन करताना ऊर्ध्वगामी, अधोगामी, कुशीतील व कोठ्यातील वायूंबरोबर अवयवा-अवयवांतून संचार करणारा वायूही सांगितला आहे. विसुद्धिमग्गात बुद्धघोषाचार्य त्याचे स्पष्टीकरण करतात की, हा वायू धमनींच्या जाळ्यातून सर्व देहात पसरतो आणि त्यामुळे हातपाय आखडता-पसरता येतात. हे वर्णन 'छी'च्या संचाराची आठवण करून देते. पालि ग्रंथांत वाहिनी-सिद्धांत आहे, असे ज्यांना म्हणायचे असेल, त्यांना यापेक्षा जवळचा आधार सापडणार नाही.

परंतु साम्य येथेच थांबते. पालि ग्रंथात त्या वायूच्या मार्गांचा नकाशा नाही, बिंदू नाहीत, उपचार नाही. हे विवेचन रोगी बरा करण्यासाठी केलेलेच नाही. हा वायू 'माझा' नाही, 'मी' नाही, हे पाहण्यासाठी ते आहे. चिनी वैद्य प्रवाह शोधतो तो टिकवण्यासाठी. बौद्ध साधक वायू पाहतो तो त्याविषयीची आसक्ती सोडण्यासाठी. हेतूच भिन्न आहेत.

शिवाय, परक्या शास्त्राला लावलेली कसोटी आपल्या ग्रंथांनाही लावली पाहिजे. विसुद्धिमग्गात मानवी शरीरात ३०० हाडे सांगितली आहेत. आधुनिक शरीरशास्त्रानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात ती २०६ असतात. म्हणून विसुद्धिमग्ग टाकाऊ ठरत नाही, कारण तो शरीररचनेचा पाठ्यग्रंथ नाही. परंतु उद्या कोणी त्याच्या आधारे अस्थिरोगाचा दवाखाना उघडला, तर आपण त्याला अडविलेच पाहिजे.

सिद्धांत खरा आहे काय?

आता तिसरा प्रश्न, आणि उपासकाच्या आईच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. शवविच्छेदनात किंवा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या, मज्जातंतू, लसवाहिन्या दिसतात. 'छी'च्या वाहिन्या दिसत नाहीत. १९६०च्या दशकात उत्तर कोरियातील किम बोंग-हान या संशोधकाने त्या सापडल्याचा दावा केला होता. तो वैद्यकशास्त्रात मान्य झाला नाही.

यावर एक चतुर उत्तर दिले जाते. रेखावृत्तही जमीन खणून सापडत नाही, तरी जहाज त्याच्या आधारे बंदराला लागते; वाहिन्याही तशाच कल्पित पण उपयुक्त रेषा आहेत. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, म्हणून त्याची परीक्षाही करता येते. नकाशावरची रेषा चुकवली तर जहाज बंदर चुकले पाहिजे. रेषा चुकवूनही ते त्याच बंदराला लागत असेल, तर त्याला तेथे नेणारे काहीतरी दुसरेच आहे.

अशी परीक्षा झालेली आहे. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला बिंदू नसलेल्या जागी वरवर सुया टोचल्या. तिसऱ्या गटाला औषधे, व्यायाम असे प्रचलित उपचार दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातील २७.४ टक्के रुग्णांना निश्चित आराम पडलेला होता. २००९ साली अमेरिकेत ६३८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तर एका गटाला सुईऐवजी दातकोरणीने नुसते टोचल्याचा भास करून दिला. त्या गटाचा आरामही खऱ्या सुयांच्या गटाइतकाच होता.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सुयांनी आराम पडत नाही, असे ते सांगत नाहीत. उलट, प्रचलित उपचारांपेक्षा अधिक रुग्णांना आराम पडला. मात्र सुई वाहिनीवर टोचली काय किंवा वाहिनीबाहेर टोचली काय, जवळजवळ सारखाच फरक पडला. बंदर तेच राहिले, रेषा मात्र अनावश्यक ठरली. पुढे २०१८ साली ३९ चाचण्यांतील २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा जुनाट वेदनांत खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, परंतु तो फरक लहान होता. टोचण्यामुळे शरीरात वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, याचेही पुरावे आहेत. त्यासाठी मज्जातंतू पुरेसे आहेत; नद्यांसारख्या १२ वाहिन्यांची गरज नाही.

खोट्या सुयांनीही आराम का पडतो? वेदनेला शरीराइतकेच मनाचे अंग आहे, हे बौद्धांना कोणी शिकवायला नको. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचे रूपक आहे. पहिला बाण शारीरिक वेदनेचा आणि दुसरा त्या वेदनेने होणाऱ्या शोकाचा व क्लेशाचा. कोणी अर्धा तास शांतपणे आपल्याजवळ बसतो, स्पर्श करतो, आस्थेने विचारतो, तेव्हा दुसरा बाण सैल होतो. हे ढोंग नाही. परंतु हे वाहिन्यांचे कार्यही नाही.

'मला गुण आला' या प्रमाणाचे मोल

'परंपरा सांगते म्हणून मानू नका, स्वतः अनुभवा, असे बुद्धानेच कालामांना सांगितले आहे. माझ्या आईला अनुभव आला आहे,' असे उपासक म्हणाला. हा युक्तिवाद आमच्या सभांतही वारंवार ऐकू येतो. केसमुत्तिसुत्तात अनुश्रव, परंपरा, ग्रंथप्रामाण्य, केवळ तर्क, बोलणाऱ्याचे भव्य रूप या सर्वांना बुद्धाने अपुरे ठरविले आहे, हे खरे. जीवकाचे नाव ऐकताच माना डोलावणे हे त्यांतील अनुश्रवच आहे. पण तेथे स्वानुभवाने जाणावयाचा विषय कोणता? लोभ, द्वेष, मोह अकुशल आहेत की कुशल, हा. ते प्रत्येकाला आपल्या चित्तात थेट पाहता येते. शरीरातील कारणपरंपरा तशी दिसत नाही. आईला अनुभवाला आला तो आराम. 'छी'चा अवरोध दूर झाला, हे तिच्या अनुभवाला आलेले नाही. ते तिला सांगण्यात आले. आराम खरा मानावा. त्याचे स्पष्टीकरण तपासावे.

दुसरी हरकत बाणाच्या दृष्टांताची घेतली जाते. बाण लागलेल्याने तो कोणी मारला, धनुष्य कशाचे, असे विचारत बसू नये. तसेच गुण येतो आहे तर सिद्धांताची चौकशी कशाला? पण त्या दृष्टांतातील अनावश्यक प्रश्न हे बाण काढण्याशी संबंध नसलेले आहेत. सुई कोठे, किती खोल, कोणत्या रोगात आणि कोणत्या रोगात नको, हे प्रश्न बाण काढण्याचेच आहेत. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. सुई निर्जंतुक नसेल तर रक्तातून रोग पसरू शकतो. आणि नकाशा खरा मानला की कंबरदुखीवर थांबता येत नाही. रक्तदाब, मधुमेह, सारे काही त्याच नकाशावर सापडू लागते. चुकीच्या सिद्धांताची किंमत रुग्णाला येथे मोजावी लागते.

संयुत्तनिकायातील सीवकसुत्त या संदर्भात मुद्दाम वाचावे. सर्व सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते, असे मानणाऱ्यांना बुद्धाने तेथे दोष दिला आहे आणि वेदनेची आठ कारणे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, आघात आणि कर्मविपाक. या यादीतील प्रत्येक कारण आजच्या वैद्यकाला मान्य होईल असे नाही. मोल आहे ते त्यामागच्या वृत्तीला. सर्व दुखण्यांना एकच कारण आणि एकच किल्ली सांगणाऱ्याविषयी साशंक राहावे, हा त्याचा बोध आहे. 'सारे रोग अडलेल्या शक्तीचे' म्हणणारा विक्रेता आणि 'सारे दुःख पूर्वकर्माचे' म्हणणारा पुरोहित यांच्या विचाराची घडण एकच आहे.

महाराष्ट्राचा खरा संबंध

सुईच्या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध शोधण्यासाठी जीवकाला वेठीस धरण्याची गरज नाही. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस तेथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. त्याच पथकातील बंगालचे डॉ. बिजय कुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुईचा उपचार शिकले आणि तो कलकत्त्याला घेऊन आले. आधुनिक भारतात ही विद्या आली ती अशी, चीनकडून, मैत्रीच्या मार्गाने. २००३ साली केंद्र शासनाने तिला उपचाराची एक रीत म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्राने २०१५चा ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम करून ती व्यवस्था कायद्याच्या कक्षेत आणली. कायदा उपचार करणाऱ्याची नोंदणी करतो. वाहिन्या अस्तित्वात असल्याचे प्रमाणपत्र देत नाही. हा भेदही लक्षात ठेवावा.

अभिमान आणि न्याय

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या समाजाला शतकानुशतके वारसा नाकारला गेला. त्यामुळे 'हे आपले होते' असे कोणी म्हटले की मन भरून येते. ही भावना मला परकी नाही. परंतु बुद्धवचन ओळखण्याची जी कसोटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिली, ती बुद्धिसंगततेची व तर्कसंगततेची आहे, अभिमानाची नाही. आणखी एक गोष्ट आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवून त्यांचा विचार गिळंकृत करण्याचा प्रयत्न झाला. ते आम्ही मानणार नाही, अशी प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी घेतली. दुसऱ्याचे कर्तृत्व आपल्या नावावर चढविणे हा अन्याय कसा असतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? मग चिनी वैद्यांच्या दोन हजार वर्षांच्या परिश्रमाला, त्यातील गुणदोषांसह, आपले म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो?

कचारगडची गुंफा पाहताना हेच मनात येत होते. डोंगरात गुंफा दिसली की ती मुळात बौद्धच असली पाहिजे, असे म्हणण्याची सवय आमच्यातील काहींना लागली आहे. कचारगड गोंडांचे आहे. त्याचा अर्थ डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्यासारख्या त्यांच्याच अभ्यासकांनी उलगडला आहे. तेथे आपण पाहुणे म्हणून जावे. लिंगोची कथा एका समाजाला तो कोण आहे हे सांगते; तिच्या बळावर कोणी कोणाच्या शरीरात सुई टोचत नाही. म्हणून तिला प्रयोगशाळेचा निकष लावण्याचे कारण नाही. वाहिनी-सिद्धांत मात्र रोग्याच्या शरीरावर अधिकार सांगतो. त्याने पुरावा दिलाच पाहिजे.

विनयात उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करू शकतो, हितकर काय व अहितकर काय हे जाणतो, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्राची किळस मानत नाही आणि रुग्णाचे मन धम्मकथेने प्रसन्न करतो. यांत दुसरा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परतीच्या गाडीत मी उपासकाला त्याच्याच आधारे उत्तर दिले : कंबरेसाठी आईला सुयांनी बरे वाटत असेल, तर नोंदणीकृत उपचारकाकडे, निर्जंतुक सुयांनी ते खुशाल चालू राहू द्यावे. रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नये. आणि ही विद्या कोणाची, असे कोणी विचारले तर चीनची, असे सांगावे.

तो बराच वेळ गप्प होता. गोंदिया जवळ आले तेव्हा त्याने विचारले, "सर, मग आपलं काय?" मी त्याला महावग्गातील जीवकाचे चरित्र मुळातून वाचायला सांगितले. उकिरड्यावर टाकलेला एक मुलगा सात वर्षे शिकतो आणि आपल्या विद्येने राजापासून भिक्षुसंघापर्यंत सर्वांची सेवा करतो. त्याच्या हाती सुई नसली तरी ते चरित्र आपल्याला पुरेसे आहे.